मुदतवाढ मिळाली, पण कुणाला?

घर, जमीन, कागद : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. मंदीत काम अडकलं, परवान्याला मुदतवाढ मिळाली किंवा मिळाली नाही, आता पुढे काय? तिन्ही एकत्र घेते. सत्तावीस वर्षं मी गोव्यात, फोंड्याला जमिनीच्या आणि बांधकामांच्या फायली हाताळते आहे, तरी या विषयात मी तटस्थ नाही. त्याचं कारण तिसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी शिक्षिका आहे, मिस्टर कुंडईला औषधांच्या कारखान्यात आहेत. २०१८ साली आम्ही फोंडा तालुक्यातल्या एका प्रकल्पात फ्लॅट घेतला. नोंदणी झालेल्या करारात ताब्याची तारीख ३० जून २०२० आहे. इमारतीला रंगसुद्धा लागला, पण लिफ्ट नाही आणि ओसी (इमारत राहायला योग्य झाल्याचा दाखला) नाही. बिल्डर म्हणतो, ‘कोविडमुळे सरकारनेच मुदत वाढवली, रेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने) वाढवली, पंचायतीने परवाना नवा करून दिला. मग उशीर कसला?’ माझे दीर अमेरिकेत एडिसनला असतात. ते म्हणाले, ‘वहिनी, इथे न्यू जर्सीतसुद्धा २००८ च्या मंदीत कायदा करून सगळे परवाने वर्षानुवर्षं वाढवले होते. बिल्डरचं बरोबर असेल.’ आम्ही दरमहा १९,४०० रुपये हप्ता आणि ८,५०० रुपये घरभाडं भरतो. आमचा हक्क बुडाला का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, बुडालेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या दिरांनी सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. न्यू जर्सीत एखादी वसाहत किंवा इमारत उभी करायची तर नगर मंडळापुढे सुनावण्या, सांडपाण्याची परवानगी, रस्त्याची परवानगी, पाणथळ जागेचा दाखला, असं एकेक मिळवत जावं लागतं. त्यात वर्षं जातात, नकाशांवर आणि शुल्कावर पैसे जातात, आणि प्रत्येक मंजुरीला मुदत असते. २००७ मध्ये तिथला घरांचा बाजार बसला, बँकांनी हात आखडले. मंजुरी हातात, पण बांधायला पैसा नाही, आणि मुदत सरत चालली. तेव्हा ६ सप्टेंबर २००८ ला परवाना मुदतवाढीचा कायदा झाला. त्यानंतर नवव्याच दिवशी लेहमन ब्रदर्स बुडाली, यावरून तो काळ कसा होता ते लक्षात येईल. कायद्याची रीत साधी होती. प्रत्येकाने वेगळा अर्ज करायचा नाही. १ जानेवारी २००७ ते १ जुलै २०१० हा काळ मुदतीत मोजायचाच नाही, घड्याळ थांबलं असं समजायचं. मंदी हटेना म्हणून ती तारीख पुढे २०१२ च्या अखेरीपर्यंत आणि मग २०१४ च्या अखेरीपर्यंत नेली. मॅसॅच्युसेट्सने २०१० मध्ये परवान्यांना दोन वर्षं दिली आणि २०१२ मध्ये ती चार केली. कॅलिफोर्नियाने भूखंड पाडण्याच्या नकाशांना २००८ मध्ये एक वर्ष, २००९ मध्ये दोन आणि २०११ मध्ये आणखी दोन वर्षं वाढवून दिली.

हे कायदे मला मुळात योग्य वाटतात. ज्याने रीतसर सगळे कागद मिळवले, त्याचं काम बँकेने हात काढला म्हणून थांबलं, तर त्याला पुन्हा पहिल्या खिडकीशी उभं करण्यात कुणाचंच भलं नाही. त्याचाही पैसा जातो आणि कचेरीचाही वेळ जातो.

पण ती वाढ कुणाला होती? सरकारने दिलेल्या परवान्याला. बिल्डरने ग्राहकाला लिहून दिलेली तारीख त्यात बदलत नव्हती, कारण ती सरकारने दिलेलीच नव्हती. तुमच्या दिरांच्या सांगण्यात राहून गेलं ते एवढंच.

आता आपल्याकडे या. तुमच्या बिल्डरने तीन वेगवेगळ्या तारखा एका वाक्यात कालवल्या आहेत. पंचायतीचा बांधकाम परवाना ही एक. तो नवा करून मिळाला याचा अर्थ एवढाच, की आज तिथे चालू असलेलं काम बेकायदा नाही. तुमच्या पैशाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी तारीख रेरातल्या नोंदणीची. २०१६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाचं दुसरं संकट आलं तर नोंदणीची मुदत वाढवता येते. शिवाय बिल्डरचा दोष नसेल तर योग्य कारणासाठी एकूण एक वर्षापर्यंत वाढ देता येते. १३ मे २०२० ला केंद्र सरकारने सगळ्या राज्यांच्या रेरा प्राधिकरणांना कळवलं, की कोविड हे असंच संकट धरा आणि ज्या नोंदण्या २५ मार्च २०२० ला किंवा त्यानंतर संपतात त्यांना सहा महिने द्या, गरज वाटली तर आणखी तीन. सहा आणि तीन नऊ. केंद्राच्या त्या पत्रापुरता ‘कोविडमुळे’ हा शब्द इथवरच पुरतो. त्यापुढची प्रत्येक वाढ कोणत्या आदेशाने आणि कोणत्या कारणासाठी मिळाली, ते बिल्डरला लेखी विचारा, आणि गोवा रेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाच्या पानावर स्वतः बघा.

तिसरी तारीख तुमच्या करारातली, ३० जून २०२०. तुमचा हक्क हिच्यावर उभा आहे. कलम १८ सांगतं, की कराराप्रमाणे ताबा मिळाला नाही तर ग्राहकाने ठरवायचं : बाहेर पडून पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं. बिल्डरने रेराला स्वतःहून नवी तारीख कळवली म्हणून जुना करार पुसला जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. गोव्याचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं, तेव्हा हा निकाल आपल्याला लागू आहे. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. तारीख चुकली आणि ग्राहकाचा दोष नाही, तर पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, मध्ये अनपेक्षित घटना आलेली असो की न्यायालयाची स्थगिती.

बिल्डरचा वकील कोविडचे सहा महिने व्याजातून वगळा असं मात्र नक्की म्हणेल, आणि ते वगळले जाऊ शकतात. त्याची मनाची तयारी ठेवा. पण सहा महिने वेगळे आणि इतकी वर्षं वेगळी.

तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांवर मी बराच वेळ थांबले. त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येकाचं घड्याळ कुणी ना कुणी थांबवत होतं. बिल्डरांच्या नोंदण्यांना सहा महिने मिळाले. २५ मार्च २०२० पासून वर्षभरात थकलेल्या देण्यांसाठी कंपनीला दिवाळखोरीत ओढता येणार नाही, अशी तरतूद झाली. न्यायालयात दाद मागण्याच्या मुदतीतून सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला. घरकर्जाचे हप्तेसुद्धा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० थांबवू दिले. पण त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच राहिलं आणि मुद्दलात जाऊन बसलं. व्याजावरचं व्याज घेऊ नका, हे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि घरभाडं? ते थांबवणारा आदेश कोणी काढला? तुमच्यासारख्या घरांतून एकाच वेळी हप्ता आणि भाडं दोन्ही जात राहिलं. त्या काळातल्या मुदतवाढीला माझा विरोध नाही. पण मुदत वाढवणाऱ्या कागदावर ग्राहकासाठीही एक ओळ हवी होती, म्हणजे आज तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता करायचं काय ते. बिल्डर ‘सुधारित ताबा तारीख मान्य’ असं एक साधं पत्र सही करायला देतो, बहुतेक वेळा लिफ्टच्या किंवा पार्किंगच्या कागदांबरोबर. माझ्याकडे आलेल्या निम्म्या प्रकरणांत गोची तिथेच झालेली असते. तुम्ही दिलं असेल तर त्याची प्रत शोधा, दिलं नसेल तर देऊ नका. ओसीशिवाय किल्ली घेऊ नका; ओसी मिळवणं हे कायद्याने बिल्डरचं काम आहे. पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि भाडेकरार एका फायलीत लावा आणि गोवा रेराकडे तक्रार नोंदवा. व्याजाचा दर नियमांतच ठरलेला आहे : स्टेट बँकेचा कर्जाचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेला पायाभूत दर) आणि त्यावर दोन टक्के. तुम्हाला घर हवंच आहे असं पत्रावरून वाटतं. तसं असेल तर पैसे परत मागू नका, महिन्यागणिक व्याज मागा. आणि एकट्या जाऊ नका. त्या इमारतीतले पाच-सहा जण एकत्र या.

प्रश्न : आमच्या गावच्या डोंगरावर एका मोठ्या गृहप्रकल्पाचा फलक कित्येक वर्षं नुसता उभा होता. आता अचानक जेसीबी आला. पर्यावरण दाखला संपला असेल असं आम्हाला वाटत होतं, तर ते म्हणतात, कोविडचं एक वर्ष मोजायचं नसतं. खरं आहे का?
— एक पंच, बार्देश

उत्तर : खरं आहे. १८ जानेवारी २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ हा काळ पर्यावरण दाखल्याच्या मुदतीत धरत नाहीत. २००६ च्या अधिसूचनेखालचा हा दाखला २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला लागतो.

पण वर्ष वाढलं ते त्या एका कागदाचं. सनद (जमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी), नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि तुमच्या पंचायतीचा परवाना, प्रत्येकाची तारीख वेगळी बघायची. आणि जेसीबी डोंगराला लागला असेल तर आधी गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम १७ अ ची परवानगी मागा. डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते, ती असल्याशिवाय बाकीचे सगळे दाखले जिवंत असले तरी चालत नाही. तुम्ही पंच आहात, पंचायतीची फाईल तुम्हाला बघता येते. बाकीचे कागद माहिती हक्काच्या कायद्याखाली मिळतील.

न्यू जर्सीच्या कायद्यातली एक गोष्ट वरच्या उत्तरात मी मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली. त्यांनी पर्यावरणदृष्ट्या नाजूक भागांना ती मुदतवाढ दिलीच नाही. का, ते गोवेकराला समजावून सांगायला नको. २००६ च्या ऑगस्टमध्ये निघालेला प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर आल्यावर २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला होता. मधल्या चार-सहा महिन्यांत आराखड्याच्या नकाशावर कुठल्या डोंगराला बांधकामाचा कुठला रंग लागला होता, हे तेव्हाच्या ग्रामसभांना बसलेल्यांना आजही आठवतं. जुना परवाना वाढवत नेणं म्हणजे जुना नियम जिवंत ठेवणं. गावात रस्ता, पाणी, झरे यांची स्थिती दहा वर्षांत बदललेली असते, परवाना मात्र जुन्याच गावाचा असतो. मोठ्या प्रकल्पांना आपोआप वाढ मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी नव्याने गावासमोर यावं.

प्रश्न : ताई, आमचं घर डिचोली तालुक्यात खाणपट्ट्यात आहे. २०१७ मध्ये पंचायतीचा परवाना घेऊन नव्या घराला हात घातला. जोतं झालं, खांब उभे राहिले, चिऱ्यांच्या भिंती लिंटलपर्यंत आल्या. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि दोन्ही ट्रक दारात राहिले. परवाना २०२० मध्ये संपला. आता मुलगा नोकरीला लागलाय, काम पुन्हा सुरू करावं म्हणतो. कोविडमध्ये मुदत वाढली असं ऐकलं, तर आमचा परवाना आपोआप वाढला असेल का? आई ८१ वर्षांची आहे. म्हणते, एक तरी चवथ (गणेशचतुर्थी) नव्या घरात होऊ दे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, आपोआप वाढला असं धरून एक चिराही ठेवू नका.

आता माझं कारण सांगते. माझा धाकटा भाऊ ट्रकवाला. २०१० मध्ये त्याने घर काढलं. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि त्याचं घर स्लॅबखाली थांबलं. ट्रकांचे हप्ते, मुलीची शाळा, वडिलांचं डायलिसिस. परवान्याची तारीख कुणाच्या डोक्यात राहणार? माझ्याही राहिली नाही, आणि ते मला अजून लागतं, कारण घरात हे काम जाणणारी मीच होते. २०१५ मध्ये पुन्हा अर्ज केला तेव्हा समोरचा रस्ता आराखड्यात रुंद धरलेला निघाला. मागे सरकायला जागा होती, पण खांब तर पुढे उभे होते. वरांड्याचे तीन खांब पाडले. ते पाडताना वडील आतल्या खोलीत जाऊन बसले, बाहेर आलेच नाहीत. घर पुढे पूर्ण झालं, पण ते बघायला वडील राहिले नव्हते.

७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द झाली आणि १६ मार्चपासून काम थांबलं, तेव्हा हेच दुसऱ्यांदा झालं. या दोन्ही वेळा खाणपट्ट्यातल्या माणसाचा काही गुन्हा नव्हता. ट्रकांच्या कर्जासाठी सवलतीची योजना आली, ते बरं झालं. पण अर्धवट घरांच्या परवान्यांचं घड्याळ थांबवल्याचं मला माझ्या अशिलांच्या एकाही फायलीत दिसलं नाही. अमेरिकेत राज्यांनी हजार घरांच्या वसाहतींसाठी जे केलं, ते आपल्याकडे एका कुटुंबाच्या चार खोल्यांसाठी का करू नये? स्वतः राहण्याचं घर, जोतं झालेलं, जमीन स्वतःची आणि सनद झालेली, डोंगर कापलेला नाही, अशा घराला खाणबंदीचा काळ मुदतीत धरू नये, एवढी एक ओळ नियमांत घालायला हवी. हे मी आमदारांना लिहून कळवलं आहे आणि पुन्हा कळवणार आहे. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव घ्या. दहा गावांतून गेला तर त्याला वजन येईल.

तोवर तुमचं काम अडायला नको. परवाना साधारण तीन वर्षांचा असतो आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला तर नूतनीकरण सोपं जातं. तुमची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा नव्या परवान्याच्या तयारीने जा. जुना परवाना, शिक्का असलेला मूळ नकाशा, तांत्रिक मंजुरीचा आदेश, सनद, ताजा एक-चौदाचा (जमिनीच्या मालकी-कब्जाच्या नोंदीचा) उतारा आणि घराचे आजचे फोटो एकत्र करा. उताऱ्यावर आजही वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर तिथून सुरुवात करावी लागेल, आणि खाणपट्ट्यात तसंच असतं बहुतेकांचं. सनद एकदा झाली की जमिनीबरोबर राहते, तो खर्च पुन्हा नाही. पण पंचायतीत अर्ज देण्याआधी नगरनियोजनच्या तालुका कचेरीत जाऊन आजच्या आराखड्यात समोरचा रस्ता किती मीटर धरलाय ते विचारा. आधी हे एक काम. माझ्या भावाने ते शेवटी केलं.

मुलगा बँकेचं कर्ज काढणार असेल तर चालू परवान्याशिवाय बँक पैसे सोडणार नाही, आणि बँक अभियंत्याचा दाखलाही मागेल. तो दाखला बँकेसाठी म्हणून नाही, स्वतःसाठी घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुमच्या खांबांच्या सळ्या इतके पावसाळे उघड्यावर आहेत. वरचा गंज नुसता रंगासारखा असेल तर तारेच्या ब्रशने निघतो. पापुद्रे सुटत असतील तर सळी बारीक झालेली असते. अभियंत्याला ती मोजायला लावा, बारा मिलिमीटरची किती उरली ते. झिजली असेल तर खांबाचा वरचा भाग फोडून चांगली सळी लागेपर्यंत खाली जावं लागतं. गवंडी म्हणेल, ‘काही होत नाही, ओतूया.’ त्याचं ऐकू नका. भिंतींचे वरचे दोन थर काढून पुन्हा रचा, उघड्या चिऱ्यांमधला मसाला पावसाने धुऊन गेलेला असतो.

पंचायतीत अर्ज दिलात की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. ‘उद्या देतो’ म्हणाले तर तिथेच बसून राहा. नवा परवाना हातात पडला की त्याच दिवशी संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा आणि तिच्या तीन महिने आधी आणखी एक खूण करा.

आईंना माझा नमस्कार सांगा. गणपतीवर माटोळी (फळाफुलांची चौकट) बांधायला पुढची खोली हवी, तेव्हा सगळं घर एकदम उभं करण्याचा हट्ट धरू नका. मंजूर नकाशात पुढची खोली आणि स्वयंपाकघर आधी पुरं होईल असं कामाचं नियोजन अभियंत्याकडून करून घ्या. आणि परवाना येईपर्यंत सळ्या घासून त्यांना सिमेंटचं पाणी मारा, वर जाड प्लास्टिक बांधा. याला कुणाची परवानगी लागत नाही, येत्या रविवारी होऊन जाईल.